मुरलीचा डावा हात

“तारांत दोष नाही, गिटारीत नाही, अँपमध्येही नाही. मग दोष आहे तरी कशात, चाचा?”

दस्तगीर जॉबरांनी मांडीवरचा लाकडी धोटा पालथा केला आणि पॉलिश पेपरनं त्याची दुसरी कड घासायला घेतली.

मागावर आडवा दोरा घेऊन जो इकडून तिकडं पळतो, तो हा धोटा. त्याला केसाएवढं कुसळ राहिलं तरी सूत तुटतं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. दस्तगीर चाचांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं तेच काम केलं होतं, आणि आता घरी बसूनही शेजारच्या कारखान्याचे धोटे घासून देत होते.

तेजराज कुंभोजेनं हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. त्याचा पाय सारखा हलत होता.

तेजराज हा चांदणवेल ऑर्केस्ट्राचा बेस गिटारवाला. वय सव्वीस, हातात कला, डोक्यात हवा. चार जाड तारांच्या गिटारीवर आपण गाणं वाजवत नाही, गाण्याखालची जमीन वाजवतो, असं तो भेटेल त्याला ऐटीत सांगायचा.

गेल्या रविवारी जयसिंगपूरला त्या जमिनीचा पार चिखल झाला.

कार्यक्रम संपल्यावर शालनताईंनी त्याला बाजूला घेतलं होतं. शालनताई बुगटे म्हणजे ऑर्केस्ट्राच्या मालकीण आणि मुख्य गायिका. आवाज न चढवता माणसाला उभा सोलायची त्यांची पद्धत होती.

“तेजा, तुझा आवाज आला की माझा सूर बुडतोय, आणि गेला की मला पाय टेकायला जागा राहत नाही. मी गाऊ कशी?”

तो काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगून टाकलं होतं. “शुक्रवारच्या तालमीत ऐकते. तसाच चिखल असला तर तुझं काम मुरली करंल. त्याचा डावा हात मोकळाच असतो.”

मुरली कीबोर्डवर. उजव्या हातानं तो गाण्याचे सूर धरायचा. जयसिंगपूरला तिसऱ्या गाण्यात त्याचा डावा हात आपोआप खालच्या जाड सुरांच्या पट्ट्यांवर उतरला, आणि बेसची जागा धरून बसला. कुणी सांगितलं नव्हतं. तेजराजनं ते बघितलं होतं, आणि तेव्हापासून तो हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

सहा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. दुसरं काही करायचंही नव्हतं.

चाचांकडं शालनताईंनीच पाठवलं होतं. “दस्तगीरभाईंना दाखव. तीस वर्षं माझ्या मागं उभे होते.”

दिवसभर माग दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी बेस वाजवायचा, असला माणूस. घरात आवाज वाढवायचा अँपसुद्धा नव्हता. तेजराज आला खरा, पण नाक वर करूनच. आज गुरुवार होता.

“वाजव,” चाचा म्हणाले.

भिंतीपलीकडं चोवीस माग चालू होते. खटाखटा, खटाखटा. जमीन हलत होती, पाण्याच्या पिंपात बारीक लाटा उठत होत्या. चाचांना त्याचं काहीच नव्हतं. तेजराजच्या मात्र दातांपर्यंत ते पोचत होतं.

“ती खिडकी लावू का? काही ऐकू येणार नाही.”

चाचा उठले आणि दुसरी खिडकीही उघडली. “उकडतंय,” ते म्हणाले.

तेजराजनं अँप मांडला. पुढं फळी ठेवली. फळीवर पायानं दाबायची पाच पेडलं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दिवा.

“दिवाळी हाय व्हय?”

“आवाज घडवायला लागतात, चाचा. एक आवाज दाबतं, एक जाड करतं, एक…”

“बरं बरं. वाजव.”

तो वाजवू लागला. बोटं सुरेख चालत होती. हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. पण मागांच्या खडखडाटात आवाज कुठं जातोय तेच कळेना. त्यानं अँप वाढवला. मग आणखी वाढवला. फडताळातली ताटं थरथरायला लागली, एक वाटी खाली पडून गोल फिरत चाचांच्या पायाशी आली.

तेजराज थांबला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला.

“कसा वाटला?”

“भांडी चांगली वाजली. तू न्हाई ऐकू आलास.”

तेजराजचे कान तापले. “घरी या माझ्या. घरी ऐका हाच आवाज. खालचा सूर असा पोटात घुमतो, वरचा काचेसारखा लख्ख. चार दिवस बसून लावलाय मी हा. तारा दोनदा बदलल्या. अँपच्या सगळ्या खुंट्या फिरवून बघितल्या. पेडलांची जागा बदलली, तारांखालचा पिकअप वर-खाली केला…”

“समदं एकदम?”

“मग? वेळ कुठं आहे?”

चाचांनी धोटा मनगटाच्या आतल्या कातडीवरून हळूच फिरवला. कुसळ बोटाला लागत नाही, तिथं लागतं. मग पुन्हा घासायला लागले.

“मागाचा एक स्क्रू फिरवायचा,” ते म्हणाले. “माग चालू करायचा. ऐकायचं. मग दुसऱ्या स्क्रूला हात लावायचा. समदे एकदम फिरवले, तर बिघाड कुठला आन् दुरुस्ती कुठली?”

“हा माग नाही, चाचा.”

“न्हाईच.”

चाचांनी धोट्यावरचा भुसा फुंकरून उडवला.

“घरी आवाज लावलास तवा संगट कोण हुतं?”

“कुणी नाही. खोलीत एकटाच. दार लावून, हेडफोन घालून.”

“शालन?”

“त्या कशाला येतील माझ्या खोलीत?”

“ढोलकीवाला?”

“नाही हो.”

“आवाज लावलास कुणासाठी मग?”

असले प्रश्न तेजराजला आवडायचे नाहीत. तो उत्तर घ्यायला आला होता, उद्यापर्यंत चालेल असं एक सरळ उत्तर. खुंटी इतकी फिरव, तार ही घाल, संपलं.

चाचांचा हात मध्येच थांबला. मान भिंतीकडं वळली.

“भैरू!” ते खिडकीतून ओरडले. “मागच्या रांगंत बघ! पट्टा ढिला हाय!”

पलीकडून कुणीतरी धावल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कामगाराचं डोकं खिडकीत दिसलं. “सतरा नंबर, चाचा! आत्ता सुटलाच असता!”

तेजराजला आता खरंच नवल वाटलं. राग क्षणभर बाजूला पडला.

“चोवीस मागांतला एक कसा ऐकता तुम्ही? मला तर नुसता गोंगाट ऐकू येतो.”

“एक कुठं ऐकतोय मी?”

“आत्ता सतरा नंबर…”

“सतरावा मला ऐकू येत न्हाई, लेका. बाकीचे तेवीस सांगतात.”

तेजराजला यातलं काही उमगलं नाही. मात्र पाय हलायचा थांबला होता.

“आण ती,” चाचा म्हणाले.

गिटार त्यांनी मांडीवर घेतली, ओळखीच्या घरचं पोर घ्यावं तशी. उजव्या हाताची दोन बोटं ताठ झाली होती, नीट मिटत नव्हती. आधी त्यांनी पेडलांच्या फळीतून वायर उपटली आणि थेट अँपला लावली. पाचही दिवे विझले.

मग अँपच्या खुंट्या. एक फिरवायची, एक सूर छेडायचा, ऐकायचं. पुन्हा थोडी. बेसची, म्हणजे खालच्या घुमाऱ्याची खुंटी त्यांनी मागं घेतली. तेजराजनं चार दिवस जिवापाड वाढवलेली खुंटी! ट्रेबल, म्हणजे वरचा झणझणाट, जवळपास बंदच केला. आणि मधल्या सुरांची खुंटी, जिला तेजराजनं पार खाली दाबून ठेवलं होतं, ती चढवत चढवत नेली.

एक गोष्ट त्याला विचित्र वाटली. चाचांचा कान अँपकडं नव्हताच. खिडकीकडं होता.

आवाज ऐकून तेजराजचं तोंड कडू झालं. पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा आवाज. नाक चोंदलेला.

“हा?… चाचा, राग मानू नका, पण हा घाण आहे.”

चाचा हसले. पुढचे दोन दात नव्हते. त्यांनी मागांचा ठेका धरला आणि वाजवायला लागले.

फार काही वाजवत नव्हते. चारच सूर, जुन्या एखाद्या चालीतले, फिरून फिरून तेच. बोटं ताठ असल्यामुळं मध्येच एखादा सूर सुटतही होता. पण प्रत्येक सूर ऐकू येत होता. अँपचा आवाज तेजराजच्या निम्म्यानंही नसेल. फडताळातलं एक ताट हललं नाही. तरी चोवीस मागांच्या खडखडाटात प्रत्येक सूर आपल्या पायावर उभा होता.

आणि आणखी एक झालं. इतका वेळ दातांत वाजणारे ते माग एकाएकी तालात आल्यासारखे वाटायला लागले. मघाशी गोंगाट होता, आता त्याचं गाणं झालं होतं. खिडकीत भैरूचं डोकं पुन्हा दिसलं, ते डोलत होतं.

तेजराज पुढं सरकून बसला. हाच. हाच आवाज पाहिजे होता. त्याला ओरडावंसं वाटलं, चाचांचे पाय धरावेसे वाटले.

तेवढ्यात सात वाजले.

सातला पाळी बदलायची. मागांना तेल द्यायला एकेक करून सगळे बंद करायचे, ही त्या कारखान्याची रीत होती. पहिला माग थांबला. मग दुसरा, तिसरा. चाचा वाजवतच होते. बाराएक माग थांबले तसा बेसचा आवाज थोडा खरखरीत वाटू लागला. अठरा थांबले तेव्हा नाकात बोलायला लागला. शेवटचा माग गप्प झाला, आणि खोलीत पुन्हा तोच पत्र्याचा डबा उरला. नागडा, भसाडा, ऐकवेना असा.

चाचांनी एकाही खुंटीला हात लावला नव्हता. तेजराज डोळे न हलवता बघत बसला होता.

चाचांनी तारांवर हात ठेवला.

“आत्ता तर सुंदर होता,” तेजराज म्हणाला. “यातला खरा कुठला?”

चाचांनी गिटार त्याच्या हातात दिली. पडलेली वाटी उचलली, फुंकर मारून फडताळात ठेवली.

तेजराजला उत्तराची वाट बघायला सवड नव्हती. उत्तर समोर अँपवर मांडलेलं होतं. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि खुंट्यांचा फोटो घ्यायला वाकला. बेस इतका, मधली इतकी, ट्रेबल इतका. उद्या तालमीत हुबेहूब असंच लावायचं. शालनताई काय, सगळी इचलकरंजी मान डोलवेल.

चाचांचा तळवा पुढं आला. एका फटक्यात तो सगळ्या खुंट्यांवरून फिरला.

सगळ्या शून्यावर.

“चाचा!”

चाचा पुन्हा धोटा घेऊन बसले.

“चाचा, उद्या तालीम आहे माझी! उद्या! काढून टाकतील मला!” तेजराजच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तो जास्तच चिडला. “तुम्हाला काय जातंय? तुमचं सगळं वाजवून झालंय!”

बोलून गेला, आणि जीभ चावली.

चाचांनी वर बघितलं. ओठ हसत होते, डोळे नव्हते.

“व्हय,” ते म्हणाले. “झालंय.”

पलीकडं तेलाच्या डब्यांचा आवाज येत होता. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

“माफ करा,” तेजराज म्हणाला. “मला भीती वाटतीये, चाचा. बाकी काही नाही.”

“उद्या पयल्या गाण्याला हाताची घडी घालून बस.”

“म्हणजे वाजवू नको? ताई हाकलून देतील!”

“तशीबी हाकलणारच हाय की.”

तेजराजनं अँप उचलला, पेडलांची फळी बगलेत मारली आणि निघाला. दारापर्यंत गेला तेव्हा मागं पहिला माग सुरू झाला होता.

शुक्रवारी तालमीच्या हॉलमध्ये पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा तेजराज गिटार गळ्यात अडकवून, हाताची घडी घालून बसला होता. पेडलं त्यानं आणली नव्हती. ढोलकीवाल्यानं भुवया उंचावल्या. मुरलीनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि डावा हात मुकाट्यानं खालच्या पट्ट्यांवर ठेवला. शालनताईंनी बघितलंच नाही.

ती पाच मिनिटं त्याला पाच तासांसारखी गेली.

आधी त्याला नेहमीसारखा गोंगाटच ऐकू आला. मग डोकं जरा खाली बसलं. ढोलकी तळाला घुमतेय, अगदी तळाला. आपण चार दिवस ज्या खालच्या घुमाऱ्यासाठी जीव टाकला, तिथं ढोलकीवाला आधीच ऐसपैस बसलाय. वर झांजा, वर ताई. मुरलीचा डावा हात धावपळ करतोय, पण तोही ढोलकीच्याच पाटावर जाऊन बसतोय. आणि ढोलकी अन् ताईंचा गळा यांच्या मध्ये… तिथं कुणीच नव्हतं. कडव्याच्या शेवटी ताई लांब सूर घ्यायच्या तेव्हा त्यांची मान किंचित मागं वळत होती, पाठीशी भिंत आहे का बघावं तशी.

सहा वर्षांत ही मान त्यानं कधी बघितली नव्हती.

दुसरं गाणं सुरू झालं तसं त्यानं अँपला हात लावला. सगळे वाजवत असताना, एकेक खुंटी. कान ताईंकडं ठेवून. मधली चढवत नेली.

स्वतःच्या पायाशी येणारा तो आवाज त्याला मुळीच आवडला नाही. पत्रा, नाक, सगळं तेच. दोनदा हात खुंटीकडं गेला. दोनदा त्यानं तो मागं घेतला. एकदा तर मांडीखाली दाबून धरला.

सात गाणी झाली. शालनताई एका शब्दानं बोलल्या नाहीत. वाहवा नाही, शिवी नाही. नुसतं “पुढचं घ्या.” शेवटी चपला घालताना सगळ्यांना मिळून म्हणाल्या, “रविवारी चारला गाडी निघंल.” गाडीत कोण बसणार ते काही म्हणाल्या नाहीत.

तेजराजला रात्रभर झोप नाही. शनिवारी उजाडता उजाडता तो चाचांच्या दारात हजर. भिंतीपलीकडं चोवीस माग चालू होते.

“त्या काहीच बोलल्या नाहीत, चाचा! एवढं सगळं केलं आणि काहीच नाही! चांगलं म्हणायचं नाही तर नाही, वाईट तरी म्हणावं माणसानं! मी आहे का गेलो, हेसुद्धा कळेना मला.”

चाचा दुसरा धोटा घासत होते. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत थांबले.

“मुरलीचा डावा हात कुठं हुता?”

“मुरलीचा?”

काल पहिल्या गाण्यानंतर त्यानं त्या हाताकडं लक्षच दिलं नव्हतं. सहा दिवस ज्या हाताचा धसका घेतला होता, तोच हात काल तो साफ विसरला होता. त्यानं डोळे मिटले. पहिल्या गाण्यात हात खालच्या पट्ट्यांवर. दुसऱ्या गाण्यात उचललेला, पट्ट्यांच्या वर अधांतरी, उतरू की नको असं करणारा. आणि तिसऱ्यात…

तेजराजनं डोळे उघडले.

“कपावर,” तो म्हणाला. “चहाचा कप धरून बसला होता. वाजवतोय उजव्या हातानं आणि डाव्या हातात कप. शेवटच्या गाण्यापर्यंत नुसता फुंकत बसला होता, खालच्या पट्ट्यांवर हात आलाच नाही…”

चाचांनी धोटा मनगटाच्या आतल्या बाजूनं एकदा फिरवून बघितला, आणि पॉलिश पेपर खाली ठेवला.

“पिऊ दे त्याला,” ते म्हणाले. “सावकाश पिऊ दे.”